ऑपरेशनच्या यादीतलं नाव

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ड्युनेडिनच्या उत्तरेला वीसेक मैलांवर समुद्राकडे तोंड केलेली एक टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनं तिच्यावर वेड्यांचं इस्पितळ उभारलं आणि त्याला गावाचंच नाव दिलं, सीक्लिफ. रॉबर्ट लॉसन या वास्तुविशारदानं मनोरे, टोकदार कमानी आणि लांबून नजरेत भरणारा बुरूज असा सगळा थाट केला होता. १८८४ साली काम संपलं तेव्हा देशात एवढी मोठी इमारत दुसरी नव्हती. घोटाळा एकच होता, खालची जमीन सरकती होती. १८८७ साली दरड सरकून एका भागाची पडझड झाली, चौकशी बसली आणि ठपक्यातला चांगला मोठा वाटा लॉसनच्या पदरात पडला. इस्पितळ मात्र तिथून हललं नाही. तडे बुजवत, नव्या इमारती जोडत ते आणखी कित्येक दशकं चालू राहिलं.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री तिथल्या पाच नंबरच्या वॉर्डाला आग लागली. हा बायकांचा दुमजली लाकडी वॉर्ड मूळ इमारतीला मागाहून जोडलेला होता. आत ३९ जणी होत्या. दारं बंद, खिडक्यांना कुलपं, आणि युद्धामुळे नर्सांचा तुटवडा. ३७ जणी गेल्या. ज्या दोघी वाचल्या त्यांच्या खिडक्यांना कुलूप नव्हतं. चौकशी झाली, सूचना झाल्या, भरती चालूच राहिली.

या आगीनंतर तीन वर्षांनी, १९४५ च्या अखेरीस, एकवीस वर्षांची एक मुलगी सीक्लिफमध्ये दाखल झाली. तिचं नाव जॅनेट फ्रेम. ती पुढे न्यूझीलंडची सगळ्यांत मोठी कादंबरीकार ठरली. तिच्याबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते: मेंदूवर शस्त्रक्रिया व्हायची होती, तेवढ्यात पुस्तकाला पुरस्कार मिळाला आणि ती वाचली. ही गोष्ट खरी आहे, पण इतकी गोळीबंद आहे की तिच्याआधीचं आणि नंतरचं सगळं तिच्यामागे झाकलं जातं. आणि माझ्या मते खरा मजकूर तिथंच आहे.

जॅनेटचा जन्म २८ ऑगस्ट १९२४ चा, ड्युनेडिनचा. पाच भावंडांतली ती तिसरी. वडील जॉर्ज फ्रेम रेल्वेत. त्यांच्या बदल्यांमागे बिऱ्हाड गावोगाव फिरत शेवटी ओमारू नावाच्या लहान बंदराच्या गावात स्थिरावलं. आई लॉटी लग्नाआधी लोकांच्या घरी काम करायची. कॅथरीन मॅन्सफिल्डच्या माहेरीही तिनं काम केलं होतं. लॉटी कविता करायची आणि दारोदार जाऊन विकायची. घरात पैशांची चणचण कायमची, पण शब्दांची चैन होती. भाऊ लहानपणीच अपस्माराच्या झटक्यांनी घेरला गेला. मनात आणलं तर पोराला झटके थोपवता येतील अशी वडिलांची समजूत होती, त्यामुळे बाप-लेकांची धुमश्चक्री हा घरातला रोजचा प्रकार झाला. १९३७ साली थोरली बहीण मर्टल गावातल्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली. दहा वर्षांनी इझाबेल ही दुसरी बहीण पिक्टनला पोहतानाच बुडाली. एकाच घरातल्या दोन मुली, दोघींना पाण्यानंच नेलं. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक योगायोग फार झाला म्हणून खोडून टाकील.

रेल्वेच्या पासावर हे कुटुंब ओमारू ते ड्युनेडिन प्रवास करायचं तेव्हा गाडी सीक्लिफ स्टेशनावरून जायची. स्टेशन आलं की डब्यात कुजबुज व्हायची, माना खिडकीकडे वळायच्या, एखादा वेडा दिसतो का ते बघायला. आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा याला’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे’ म्हणतात, त्याच सुरात त्या भागात सीक्लिफचं नाव निघायचं. आपण त्या फलाटावर उतरू असं डब्यातल्या लाजऱ्या, कुरळ्या तांबड्या केसांच्या मुलीला तेव्हा वाटलं असण्याचं काही कारण नव्हतं.

१९४३ साली ती शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला ड्युनेडिनला आली. जोडीला ओटागो विद्यापीठात इंग्रजी, फ्रेंच आणि मानसशास्त्राच्या तासांना बसायची. शिकवणं तिला जमत होतं, पण लोकांसमोर उभं राहणं जमत नव्हतं. चहाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जायचं म्हणजे तिला धडकी भरे. १९४५ च्या सप्टेंबरात आर्थर स्ट्रीट शाळेत इन्स्पेक्टर तिचा वर्ग बघायला आले. ‘जरा येते हं’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती वर्गाबाहेर पडली, शाळेबाहेर पडली आणि परत गेली नाही.

त्याच सुमारास तिनं ॲस्पिरिनची पुडी गिळली होती. दुसऱ्या दिवशी कानांत घंटा वाजत होत्या, नाकातून रक्त येत होतं, आणि आपण जिवंत आहोत याचा तिला आनंदच झाला. प्रकरण तिथं मिटायला हरकत नव्हती. पण मानसशास्त्राच्या वर्गात आत्मचरित्रपर निबंध लिहायला सांगितला होता आणि तिनं त्यात हेही लिहिलं. निबंध वाचणारा तरुण अधिव्याख्याता होता जॉन मनी.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. मनी पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिंगभावावरच्या संशोधनासाठी जगप्रसिद्ध झाला आणि नंतर एका मुलाला मुलगी म्हणून वाढवण्याच्या प्रयोगापायी तितकाच बदनाम. १९४५ साली मात्र तो वयानं जॅनेटहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा, नवशिका पोरगा होता. निबंध वाचून तो दोन सहकाऱ्यांना घेऊन तिच्या बिऱ्हाडी आला. थोडी विश्रांती घे, असं सांगून ड्युनेडिन इस्पितळाच्या मानसोपचार वॉर्डात तिला दाखल करण्यात आलं. काही दिवसांनी आई तिला घरी न्यायला आली. घर म्हणजे पुन्हा बाप आणि भाऊ यांच्यातली ती भांडणं. जॅनेटनं घरी जायला नकार दिला. आईबरोबर घरी यायला नाही म्हणणारी मुलगी शहाणी कशी असेल? तिची रवानगी सीक्लिफला झाली.

पहिली खेप सहाच आठवड्यांची होती. ती सुटून घरी आल्यावर वैद्यकीय दाखल्यावर आजाराच्या रकान्यात तिनं शब्द वाचला: स्किझोफ्रेनिया. तिनं मानसशास्त्राचं पुस्तक काढून अर्थ पाहिला. मन हळूहळू ढासळत जाणार, इलाज नाही, असा त्या काळचा निर्णय तिथं छापलेला होता.

यानंतर जे घडलं ते जॅनेटनं आत्मचरित्रात न लपवता सांगितलंय, आणि मला तो तिच्या आयुष्यातला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. मनी दर आठवड्याला तिच्याशी बोलायचा. बोलता बोलता त्यानं व्हॅन गॉग, शूमान आणि ह्यूगो वोल्फ यांची नावं घेतली. वेड आणि प्रतिभा यांचं नातं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. जॅनेटला हा देखणा, हुशार माणूस आवडत होता, आणि त्याला आपल्यात रस का आहे हे तिच्या लगेच ध्यानात आलं. तेव्हा तिनं पुस्तकातली लक्षणं पाठ केली आणि भेटीच्या दिवशी थोडीथोडी सादर केली. नजर शून्यात लावणं, तुटक बोलणं. एकाकी मुलीनं लक्ष वेधून घेण्यासाठी केलेलं हे नाटक होतं. प्रेक्षकानं ते नाटक खरं मानून वहीत टिपून घेतलं.

पुढची जवळजवळ आठ वर्षं ती आत-बाहेर करत राहिली. इझाबेल बुडाल्यावर ती क्राइस्टचर्चला घरकामाची नोकरी करत होती. किडलेले दात काढण्यासाठी इस्पितळात गेली आणि तिथून सनीसाइड मनोरुग्णालयात पोचली. मग ऑकलंडजवळचं अ‍ॅव्हनडेल, मग पुन्हा सीक्लिफ. या काळात तिला दोनशेहून जास्त वेळा विजेचे झटके देण्यात आले, असं तिनं स्वतः लिहिलंय.

विजेच्या झटक्यांचा उपचार तेव्हा नवा होता. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी १९३८ साली तो पहिल्यांदा वापरला आणि दहा वर्षांत तो जगभर गेला. आज हा उपचार भूल देऊन, स्नायू शिथिल करून, रुग्णाची संमती घेऊन होतो आणि काही प्रकारच्या तीव्र नैराश्यात त्याचा उपयोगही होतो. जॅनेटच्या वेळी यांतलं काहीच नव्हतं. तिच्या कादंबरीत सकाळचं जे वर्णन आहे त्यावरून त्या बायकांचा दिवस कसा उजाडत असेल ते कळतं. यादीत आपलं नाव आहे का, हे कुणी सांगायचं नाही. ते कळायचं नाश्त्यावरून. ज्यांना झटके द्यायचे त्यांना उपाशी ठेवायचे. त्यामुळे नर्स ट्रे घेऊन येते की नुसती येते इकडे सगळ्यांचे कान. नाश्ता मिळाला की आजचा दिवस सुटला. नाही मिळाला तर ड्रेसिंग गाऊन घालून रांगेत बसायचं आणि पुढच्या खोलीतले आवाज ऐकत आपल्या पाळीची वाट बघायची. हे आठवड्यातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी आपल्याला फाशी द्यायला नेतायत अशी भीती वाटे, असं तिनं पुढे नोंदवलंय.

यात खलनायक शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. हजारो रुग्ण आणि मूठभर डॉक्टर. एकेका बाईच्या वाट्याला डॉक्टरचं बोलणं वर्षातून काही मिनिटं यायचं. क्लोरप्रोमझिन हे पहिलं परिणामकारक औषध फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आलं, ते न्यूझीलंडच्या टेकडीवर पोचायला आणखी वेळ लागला. तोवर डॉक्टरांच्या हातात होते विजेचे झटके, इन्सुलिनची बेशुद्धी आणि ल्यूकोटमी. पोर्तुगालच्या एगाश मोनीझनं १९३५ साली सुरू केलेली ही शस्त्रक्रिया. कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे कापायचे. माणूस शांत होतो, कपडे नीट घालतो, सांगितलेलं काम करतो. १९४९ साली मोनीझला याबद्दल नोबेल मिळालं. जी शस्त्रक्रिया नोबेलच्या मानाची, ती करून घ्या असं डॉक्टर सांगत असताना ओमारूची रेल्वे कामगाराची बायको काय बोलणार? लॉटीनं संमतीपत्रावर सही केली.

जॅनेटला सांगण्यात आलं की यानंतर तुला घरी जाता येईल, दुकानात नोकरी करता येईल, तू इतरांसारखी होशील. तिचं नाव यादीत चढलं, तारीख ठरली.

इथं पुन्हा जॉन मनी येतो. जॅनेटनं लिहिलेल्या कथा तिनं त्याच्याकडे ठेवायला दिल्या होत्या. त्यानं त्या क्राइस्टचर्चच्या कॅक्स्टन प्रेसपर्यंत पोचवल्या. कवी डेनिस ग्लोव्हर तिथं होता. ‘द लगून अँड अदर स्टोरीज’ हा संग्रह निघाला. पुस्तकावर १९५१ साल आहे, प्रत्यक्षात ते बाजारात आलं १९५२ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला ह्यूबर्ट चर्च पुरस्कार मिळाला. जॅनेटला या पुरस्काराचा पत्ताही नव्हता. सीक्लिफचे अधीक्षक जेफ्री ब्लेक-पामर यांनी बातमी पेपरात वाचली, वॉर्डात आले आणि तिला दाखवली. शस्त्रक्रिया होणार नाही, तू आहेस तशीच राहावीस असं मला वाटतं, या अर्थाचं ते बोलले. शस्त्रक्रिया तेव्हा काही दिवसांवर आली होती.

या प्रसंगाचा आनंद मानताना मी नेहमी अडखळतो. जॅनेटची प्रकृती सोमवारी जशी होती तशीच मंगळवारी होती. नवी तपासणी झाली नाही, निदान बदललं नाही. बदललं ते एवढंच की तिच्या कागदांना वाचक मिळाला. तिचा निबंध एका माणसानं लक्षण म्हणून वाचला आणि ती आत गेली. तिच्या कथा त्याच माणसानं साहित्य म्हणून पुढे दिल्या आणि ती वाचली. ज्यांच्याजवळ कथा नव्हत्या त्यांचं काय? आत्मचरित्रात जिला ती नोला म्हणते, ती तिची मैत्रीण त्याच यादीत होती. नोलाला दमा होता, घर होतं, हुशारी होती. पुस्तक नव्हतं. तिची शस्त्रक्रिया झाली. नंतर अनेक वर्षं ती आत-बाहेर करत राहिली, शांत आणि आज्ञाधारक. जॅनेटनं तिच्याशी पत्रव्यवहार ठेवला होता.

पुरस्कारानंतरही जॅनेट लगेच सुटली नाही. ती कायमची बाहेर पडली १९५५ साली. धाकटी बहीण जून ऑकलंडला होती, तिच्याकडे गेली. तिथून जवळच टाकापुना भागात फ्रँक सार्जेसन राहायचा. न्यूझीलंडच्या कथेला तिथली बोली देणारा हा लेखक. समलिंगी संबंधांच्या खटल्यात पूर्वी शिक्षा झालेला, त्यामुळे समाजाच्या कुंपणाबाहेर राहणं त्याला नवं नव्हतं. त्याच्या बागेत लष्कराची एक जुनी खोपटी होती. ती त्यानं जॅनेटला दिली. खाट, टेबल, कंदील. दिवसभर कुणी कुणाला हाक मारायची नाही असा रिवाज. संध्याकाळी तो रांधायचा आणि दोघं पुस्तकांवर बोलायची. तिला भत्ता मिळावा यासाठीही त्यानंच खटपट केली.

या खोपटीतली एक बारीकशी गोष्ट तिनं सांगितलीय. सार्जेसन बाहेरून जाताना टाइपरायटरचा आवाज ऐकतोय अशी तिला धास्ती वाटे. आवाज नाही आला तर तो आपल्याला आळशी समजेल. मग काही सुचत नसलं तरी ती बोटं सुरू ठेवायची. टायपिंगच्या वर्गात सरावासाठी देतात ती वाक्यं पुन्हा पुन्हा बडवायची. आठ वर्षं ज्या बाईला प्रत्येक हालचाल कुणाच्या तरी नजरेखाली करावी लागली, तिला मोकळीक मिळाल्यावरही पहारा सुटत नव्हता. पण त्याच खोपटीत काही महिन्यांत तिची पहिली कादंबरी पुरी झाली.

‘आउल्स डू क्राय’ १९५७ साली पेगॅसस प्रेसनं काढली. एका लहान गावातलं विदर्स कुटुंब, गरिबी, उकिरड्यावर खेळणारी मुलं. एक बहीण त्या उकिरड्यावरच्या आगीत मरते, भावाला अपस्मार आहे, दुसरी बहीण डॅफ्नी मनोरुग्णालयात जाते. आणि डॅफ्नीची ल्यूकोटमी होते. लेखिकेच्या आयुष्यात जी टळली ती तिनं आपल्या नायिकेवर होऊ दिली. सूड किंवा सहानुभूती मिळवण्याचा प्रयत्न म्हणून हे वाचता येईल, पण मला तसं वाटत नाही. यादीतून आपलं नाव गळलं तरी यादी राहते, हे तिला ठाऊक होतं. भाषेच्या दृष्टीनंही त्या देशात असं काही आलं नव्हतं. मुलांची बडबड, जाहिरातींचे तुकडे, कवितेच्या अंगानं जाणारं गद्य.

१९५६ मध्ये सार्जेसनच्याच प्रयत्नानं अनुदान मिळवून ती बोटीनं युरोपात गेली. इबिझा, अँडोरा, प्रेम, गर्भपात, परत लंडन. या दोन वर्षांवर एखादा चित्रपट निघेल, पण आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते लंडनचं मॉड्स्ली इस्पितळ. तिथं ती स्वतःहून गेली. तिला एकदाचं नक्की जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी महिनोन्महिने निरीक्षण केलं. अखेर सर ऑब्री लुईस यांच्या अध्यक्षतेखाली डॉक्टरांची बैठक झाली. लुईस हे त्या काळी ब्रिटिश मानसोपचारातलं सगळ्यांत वजनदार नाव. निर्णय असा झाला की या बाईला स्किझोफ्रेनिया कधीच नव्हता. तिला जो त्रास होतोय तो मुख्यतः इस्पितळांत काढलेल्या वर्षांचा आहे.

वाचणाऱ्याला वाटेल, आता तिनं नाचायला हवं होतं. ती हादरली. बारा वर्षं तो शब्द तिचा शत्रू होता तसा आडोसाही होता. मदत मागायची तर आजाराचं नाव लागतं. ते नाव काढून घेतल्यावर कुठल्या तोंडानं म्हणायचं की मला त्रास होतो? चुकीचं निदान माणसाला किती आतून धरून ठेवतं, याची इतकी प्रामाणिक कबुली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मॉड्स्लीत तिला एक डॉक्टर मात्र भला भेटला. रॉबर्ट कॉली. लोकांत मिसळलंच पाहिजे, लग्न करायला हवं, नोकरी करायला हवी, असा धोशा तोवर सगळ्यांनी तिच्यामागे लावला होता. कॉली यांनी सांगितलं की एकटं राहावंसं वाटत असेल तर एकटी राहा, लिहावंसं वाटतंय तर लिही. आणि इस्पितळातलं सगळं कागदावर उतरव. तिनं आपल्या सात कादंबऱ्या त्यांना अर्पण केल्या आहेत. १९५८ साली तिनं कायद्यानं नावही बदललं, नेने जॅनेट पॅटर्सन क्लूथा. पुस्तकांवर मात्र जॅनेट फ्रेम हेच राहिलं.

कॉलींच्या सांगण्यावरून लिहिलेली कादंबरी म्हणजे १९६१ ची ‘फेसेस इन द वॉटर’. निवेदिका इस्टिना मॅवेट. क्लिफहेवन आणि ट्रीक्रॉफ्ट ही दोन इस्पितळं, म्हणजे थोड्या फरकानं सीक्लिफ आणि अ‍ॅव्हनडेल. इस्टिना म्हणजे मी नाही, हे जॅनेट पुन्हा पुन्हा सांगत राहिली. प्रसंग खरे, असंही म्हणाली. आणि मग म्हणाली की मी मुद्दाम आवाज खाली ठेवला, सगळं लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

या कादंबरीची ताकद तक्रारीत नाही. तिच्यात माणसं आहेत. केक चोरणाऱ्या, नाचाच्या कार्यक्रमासाठी इस्पितळाच्या कपाटातला भडक झगा अंगावर चढवणाऱ्या, नर्सच्या मर्जीतलं होण्यासाठी झटणाऱ्या बायका. आणि नर्सही आहेत, दमलेल्या, घाबरलेल्या, कधी क्रूर, कधी गुपचूप पेपरमिंट देणाऱ्या. वॉर्डांची एक उतरंड तिनं अचूक पकडलीय. बऱ्या होणाऱ्यांचा वॉर्ड, त्याखाली दुसरा, आणि सगळ्यांत खाली जिथून कुणी परत येत नाही तो. एक पायरी घसरली की चादर बदलते, चमचा जातो, नाव जातं. अमेरिकेत केन किझीची ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ पुढच्याच वर्षी, १९६२ साली आली आणि गाजली. किझीनं इस्पितळात रात्रपाळीचा कर्मचारी म्हणून काम केलं होतं, किल्ल्या त्याच्याजवळ होत्या. त्याच्या कादंबरीत बंड आहे, नायक आहे. फ्रेमच्या कादंबरीत नायक नाही, कारण कुलपाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा नायक नसतो.

वडील गेल्यावर १९६३ साली ती मायदेशी परतली. १९६५ साली ओटागो विद्यापीठाची बर्न्स फेलोशिप मिळाली. ज्या विद्यापीठातून तिची उचलबांगडी झाली होती तिथंच आता लेखिका म्हणून खोली. पुढची वर्षं भराभर सांगायला हरकत नाही: अमेरिकेतल्या लेखक-वसाहतींत मुक्काम, आवाज सहन होत नाही म्हणून एका लहान गावातून दुसऱ्या लहान गावात घरं बदलणं, आणि लेखन. हयातीत अकरा कादंबऱ्या निघाल्या. ‘द कार्पेथियन्स’ या शेवटच्या कादंबरीला १९८९ सालचा राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र पाठ सोडत नव्हती. तिची कादंबरी आली की समीक्षक तिच्यात रुग्णाची फाइल शोधायचे. वाक्य विस्कटलेलं दिसलं की आजार, प्रतिमा दुर्बोध वाटली की आजार. जॉइस किंवा वुल्फनं केला तर प्रयोग, फ्रेमनं केला तर लक्षण. हे खोडून काढण्यासाठी तिनं साठीच्या आसपास आत्मचरित्र लिहिलं, १९८२ ते १९८५ मध्ये तीन खंड. त्यांतल्या ‘अ‍ॅन एंजल अ‍ॅट माय टेबल’ या दुसऱ्या खंडाचं नाव घेऊन जेन कॅम्पियननं १९९० साली तिन्ही खंडांवर चित्रपट केला. व्हेनिसला त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि तांबड्या केसांची जॅनेट जगभर पोचली. गंमत अशी की गैरसमज पुसायला लिहिलेल्या पुस्तकानं आणि त्यावरच्या चित्रपटानं ती आणखी घट्ट चिकटली ती ‘वेड्यांच्या इस्पितळातली लेखिका’ म्हणून. आज तिचं आत्मचरित्र वाचणारे खूप, कादंबऱ्या वाचणारे थोडे.

२९ जानेवारी २००४ रोजी ड्युनेडिनला रक्ताच्या कर्करोगानं ती गेली. २००७ साली न्यूझीलंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर नवं निदान आलं: तिला स्वमग्नतेचा सौम्य प्रकार असावा. निदान करणाऱ्या डॉक्टरनं तिला तपासलेलं नव्हतं, पुस्तकांवरून अंदाज बांधला होता. तिच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली. मलाही ती हरकत बरोबर वाटते. लेखनावरून निदान करण्याचा प्रयोग या बाईवर १९४५ साली एकदा होऊन गेला होता.

२०२४ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडच्या रॉयल कमिशनचा अहवाल संसदेत आला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखभालीत असलेल्या सुमारे दोन लाख लोकांचा छळ झाला असावा, असा अंदाज त्यात आहे. या संस्थांत मनोरुग्णालयंही होती. काही ठिकाणी विजेचे झटके शिक्षा म्हणून दिले गेले. त्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ‘फेसेस इन द वॉटर’ तोवर त्रेसष्ट वर्षं ग्रंथालयांत होती.

सीक्लिफची मुख्य इमारत १९५९ साली पाडली. इस्पितळ १९७३ साली बंद झालं.

जॅनेट फ्रेम वाचायची असेल तर चित्रपट आणि आत्मचरित्र दोन्ही नंतरसाठी ठेवा. ‘आउल्स डू क्राय’पासून सुरुवात करा आणि निदान पहिली पन्नास पानं तरी लेखिकेला कोणता आजार होता हा प्रश्न मनात आणू नका.